मनगटातली दबलेली नस: तेल कुठे लावायचं, कुठे नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. वय ४७. बडोद्यातच घरून पोळीभाजीचे डबे देता, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेता. गेले चार महिने उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, दोन-तीनच्या सुमाराला जाग येते, उठून हात झटकला की बरं वाटतं. डॉक्टरांनी 'कार्पल टनल' आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, 'व्यायाम करा' म्हणाले. कोणते, ते राहून गेलं. सासूबाईंच्या मते नस चढली आहे. मालिशवाल्या मावशी आठवड्यातून दोनदा गरम तेलाने मनगट चांगलं रगडून देतात, दोन दिवस हलकं वाटतं, तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. डावा हातही अधूनमधून कुरकुर करतो. आणि दिवाळीला दोन महिने राहिलेत.

मी इथे २२ वर्षं फिजिओथेरपी करते. रावपुरा, दांडिया बाजारकडचे कितीतरी मराठी पेशंट मुंग्यांना सरळ गुजरातीत 'हाताला खाली चढते' म्हणतात, आणि ज्यांच्या हाताला खाली चढते त्यांतल्या निम्म्यांनी आधी तुमच्यासारखीच मालिश करून घेतलेली असते. त्यांना मी कधी रागावत नाही. मालिशने हलकं वाटतं हे खरंच आहे, तो मनाचा खेळ नाही. पण तुमचा प्रश्न 'कोणती मालिश' हा नाहीच. तुमच्या मनगटातली नस दिवसा आणि रात्री कशाने दबते आहे, हा खरा प्रश्न. ते कारण तसंच राहिलं तर मालिश कितीही चांगली असो, दोन दिवसच टिकणार.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला आत एक बोगदा आहे. तळाला आणि बाजूंना आठ छोटी हाडं, वरून एक जाड, ताठ पट्टा. जागा जेमतेम अंगठ्याच्या जाडीची. त्यातून बोटं आणि अंगठा मिटवणाऱ्या ९ दोऱ्या जातात, आम्ही त्यांना टेंडन म्हणतो, आणि त्यांच्याच सोबत मिडियन नावाची नस. दिवाळीच्या आठवड्यात मंगळ बाजारात चालून बघितलंय ना? माणसं वाढतात, रस्ता काही रुंद होत नाही. तसंच इथे. टेंडनभोवतीचं आवरण थोडं सुजलं की बोगद्यात दाब वाढतो, आणि सगळ्यात नाजूक असल्यामुळे नस आधी तक्रार करते.

आता यातली कामाची गोष्ट. मनगट सरळ असतं तेव्हा हा दाब सगळ्यात कमी असतो. आत वाकवा किंवा मागे वाकवा, तो कित्येक पटींनी वाढतो. झोपेत आपण बहुतेक जण मनगट आत दुमडून, हात गालाखाली किंवा उशीखाली घालून झोपतो, तेही तासन् तास. म्हणून मुंग्या रात्रीच्या. तुम्ही दिवसभर लाटता तेव्हा मुंग्या नाहीत आणि आराम करताना आहेत, हे तुम्हाला विचित्र वाटतंय, पण ते अगदी नियमाला धरून आहे.

पुढे जाण्याआधी एक खात्री करून घ्या. 'पूर्ण हाताला मुंग्या येतात' असं सगळेच सांगतात. मी पेशंटच्या हातात बॉलपेन देते आणि म्हणते, आज रात्री जाग आली की जिथे मुंग्या आहेत तिथे हातावर रेघा ओढा. सकाळी चित्र वेगळंच निघतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू, एवढाच मिडियन नसेचा मुलूख. करंगळी त्यात येत नाही. तुमच्या करंगळीलाच मुंग्या असतील तर बहुधा कोपरापाशी दुसरी नस दबते आहे, आणि मग खालचं बरंचसं तुमच्यासाठी नाही. मान वळवल्यावर खांद्यापासून चमक उतरत असेल तर मान तपासायला हवी. दोन्ही पायांनाही मुंग्या असतील तर आधी शुगर बघा. घरच्या घरी आणखी एक: दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं जमिनीकडे, कोपरं आडवी, आणि मिनिटभर थांबा. तेवढ्यात त्याच साडेतीन बोटांत मुंग्या आल्या तर निदानाला बळ मिळतं. आल्या नाहीत म्हणून आजार नाही असं मात्र ठरत नाही.

तुमच्या पत्रात शुगर आणि थायरॉइडबद्दल काही नाही. दोन्ही तपासून घ्या. हा त्रास बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट होतो आणि पाळी जाण्याच्या वयात बराच दिसतो. त्यात थायरॉइड कमी असेल तर हाताची सूज कितीही चोळली तरी उतरत नाही, गोळी सुरू झाल्यावर उतरते. गरोदरपणात होतो तो बहुतेकींचा बाळंतपणानंतर आपोआप निवळतो. पूर्वी कधी मनगट मोडलं होतं का, तेही आठवा. मनगटाचं हाड मोडल्यानंतर ही नस दबल्याचं वर्णन जेम्स पॅजेट या इंग्रज सर्जनने १८५४ मध्ये केलं होतं, तेव्हा मोबाइल नव्हता आणि कंप्यूटरचा माऊसही नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली घरोघरी पहिला आळ मोबाइलवर येतो.

आता मालिश. माझीच एक चूक आधी सांगते. नवी होते तेव्हा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना मी बोगद्याच्या जागीच अंगठ्याने खोल मालिश दिली, आणि पकड वाढावी म्हणून घरी दाबायला रबरी चेंडू दिला. त्या प्रामाणिक होत्या, रोज २०० वेळा दाबायच्या. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा मुंग्या दिवसाही सुरू झालेल्या. दोष त्यांचा नव्हता. सुजलेल्या टेंडनना मी सक्तीने ओव्हरटाइम करायला लावला होता, आणि दबलेल्या नसेवर वरून आणखी दाबत होते. तेव्हापासून माझ्याकडे चेंडू मिळत नाही. कोणी प्रेमाने तुम्हाला स्माइली काढलेला पिवळा चेंडू आणून दिला तर नातवंडांना द्या.

मालिशची जागा मनगट नाही. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंचं मांसल पोट कोपर आणि मनगटाच्या मधे, आतल्या बाजूला असतं. मनगटात येतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या. दिवसाला साठ-सत्तर पोळ्या लाटून ते पोट दगड झालेलं असतं. ते सैल झालं की दोऱ्यांवरची ओढ कमी होते. मावशींच्या मालिशनंतर दोन दिवस हलकं वाटतं ते बहुधा या भागावर त्यांचा हात फिरतो म्हणून. श्रेय मात्र उगाच मनगट रगडण्याला मिळतं.

टेबलावर टॉवेलची घडी ठेवा, त्यावर उजवा हात तळवा वर करून निवांत टेकवा. खोबरेल, तिळाचं, घरात असेल ते तेल चालेल. तेलात औषध नाही, ते फक्त हात सरकायला. मनगटाची घडी जिथे आहे तिथून दोन बोटं सोडून सुरुवात करा आणि डाव्या हाताच्या तळव्याने कोपराकडे, एकाच दिशेने, हलके हात फिरवा. दोनेक मिनिटं. मग कोपराच्या आतल्या बाजूला चार बोटं खाली जी भरीव जागा लागते तिथे अंगठा ठेवून हळू दाबा, वीस-तीस सेकंद थांबा, सोडा, जरा बाजूला सरका. दुखणं 'गोड' वाटेल इतपतच. ओठ चावायची वेळ आली तर जास्त झालं. शेवटी अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा आहे त्यावर हलक्या हाताने गोल गोल, आणि तळव्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना, पुस्तक उघडावं तसं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं, दिवसातून एकदा, शक्यतो रात्री झोपण्याआधी. दाबताना बोटांत झिणझिणी उठली तर ती जागा सोडून द्या. 'लागली बरोबर नस' म्हणून तिथेच आणखी दाबायचं नाही. मावशींनाही हेच दाखवा, त्यांचं काम बंद करायची गरज नाही. ती कंप देणारी मसाज गन मात्र मनगटावर नको.

शेक कोपराखालच्या मांसल भागाला चालतो. पण बोटं बधिर असताना गरम किती आहे ते बोटांना कळत नाही, म्हणून पिशवी आधी डाव्या हाताने तपासा. तव्यापाशीही हेच लक्षात ठेवा. पोळी बोटांनी उलटायची सवय असेल तर सध्या उलथनं वापरा. भाजल्याचं पाच मिनिटांनी लक्षात आलेल्या बायका मी पाहिल्यात.

मालिशपेक्षा जास्त फरक पडतो तो मनगटपट्टीने, आणि गंमत म्हणजे तिच्याबद्दल तुम्हाला कोणी बोललेलंच दिसत नाही. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी, म्हणजे रिस्ट स्प्लिंट, किमान सहा आठवडे, रोज. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये तळव्याच्या बाजूला धातूची एक सळपट्टी असते आणि ती मागे वाकवलेली असते. तशीच बांधली तर रात्रभर मनगट मागे मोडलेलं राहतं आणि दाब वाढतो. सळपट्टी खिशातून बाहेर ओढून काढा, गुडघ्यावर टेकवून सपाट करा, परत घाला. पट्टीखाली एक बोट सहज जायला हवं. करकचून बांधली तर ती स्वतःच नस दाबते. बोटं मोकळी राहायला हवीत. पहिल्या चार-पाच रात्री झोपेत काढून फेकाल, सगळेच फेकतात. पुन्हा बांधा. दिवसा लाटताना पट्टी घालू नका, तिच्याशी झगडून कोपर आणि खांदा दुखायला लागतो.

व्यायाम मी दोनच प्रकारचे देते. पहिला टेंडन सरकवायचा. मनगट सरळ ठेवून बोटं ताठ वर करा. मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकडा करा, बोटांची मुळं सरळच. परत ताठ. मग पूर्ण मूठ. परत ताठ. मग बोटं सरळ ठेवून मुळापासून काटकोनात वाकवा, छपरासारखी. तिथूनच बोटं मधल्या सांध्यात वाकवून टोकं तळव्याच्या खालच्या भागाला टेकवा, फक्त टोकाची पेरं सरळ ठेवून. प्रत्येक जागी तीन ते पाच सेकंद. अशी पाच आवर्तनं, दिवसातून तीनदा. ताकद लावायची नाही; मूठ म्हणजे हातात फुलपाखरू धरल्यासारखी. प्रत्येक आकारात टेंडन एकमेकांवरून वेगवेगळ्या अंतराने सरकतात, आणि चिकटून बसलेल्या आवरणाला तेवढंच हवं असतं.

दुसरा नसेचा, आणि इथे घाई नडते. हात बाजूला, कोपर वाकलेलं. सैल मूठ, मनगट सरळ. बोटं उघडा, अंगठा बोटांना चिकटलेला. आता मनगट हळूच थोडं मागे. मग अंगठा बाहेर. मग तळवा आकाशाकडे. ताण जाणवेल तिथे दोन-तीन सेकंद, आणि परत. नस ही रबर नाही, तिला ताणून धरायचं नसतं. दोरा जसा ओवताना मागेपुढे करतो तसं फक्त सरकवायचं. दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा. मुंग्या क्षणभर आल्या नि गेल्या तर ठीक. दहा मिनिटं रेंगाळल्या तर दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन पायऱ्या सोडून द्या. एकट्या व्यायामाने हा आजार जातो असा भक्कम पुरावा नाही, हे मी पेशंटला स्पष्ट सांगते. पट्टीच्या जोडीला मात्र माझ्या अनुभवात तो उपयोगी पडतो. नमस्काराची मुद्रा करून मनगटं खाली ढकलायचा व्यायाम मोबाइलवर सगळीकडे दिसतो; पहिल्या महिन्यात मी तो देत नाही, कारण त्यात मनगट पूर्ण मागे वाकलेलं राहतं.

आता तुमचं स्वयंपाकघर, जिथे खरी गोम आहे. 'काम बंद करा' असं सांगणारी मी नाही. डबे बंद केले तर घरात काय येणार, ते मला कळतं. पण कणीक तिंबताना मनगट मागे मोडून तळव्याच्या टाचेने, म्हणजे नेमका बोगदाच पाटावर टेकवून, अंगाचा भार टाकायचा, हे थांबवा. कणीक जरा सैल मळून अर्धा तास झाकून ठेवा, निम्मं काम ती स्वतः करते. उरलेलं मुठीने, मनगट सरळ ठेवून. लाटताना ओटा उंच असेल तर मनगट वाकतंच. पायाखाली पाट घ्या. लाटणं आवळून धरू नका, तळव्याखाली फिरू द्या. दर वीस-पंचवीस मिनिटांनी गॅस मंद करून टेंडनचं एक आवर्तन. ओले कपडे पिळणं सध्या दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, तो हाताचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. स्कूटरची मूठ सैल धरा; डबे पोचवायला पोरगं असेल तर त्याहून उत्तम.

आणि चकली. फिरवायचा सोऱ्या आणि घट्ट पीठ, हे या मनगटासाठी लाटण्याहून वाईट. दर वर्षी दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात माझ्याकडे चकलीवाल्या हातांची रांग असते. या वर्षी सोऱ्या घरातल्या पुरुषमंडळींकडे द्या, त्यांना जमतं, जमत नाही असं ते फक्त म्हणतात. तुम्ही तळणीपाशी बसा, झारा डाव्या हातात. करंज्या, लाडू चालतील. चकलीच्या ऑर्डरी निम्म्यावर आणा.

दिवाळीआधी बरं होईल का? तुमचा त्रास चार महिन्यांचा, येऊन-जाऊन, झटकल्यावर थांबणारा. अशा हाताला सहा ते आठ आठवड्यांत बऱ्यापैकी आराम मिळालेला मी पुष्कळदा पाहिला आहे. पहिली खूण म्हणजे रात्री सलग झोप. दिवसाचा जडपणा त्यानंतर कमी होतो. वय पन्नाशीपुढे, त्रास दहा महिन्यांहून जुना आणि बधिरपणा सतत, असं असतं तिथे पट्टी-व्यायामाने भागण्याची शक्यता कमी होत जाते. सहा आठवडे नीट करूनही रात्रीची झोप सुधारली नाही तर डॉक्टरांकडे परत जा. ते नसेची एनसीव्ही तपासणी, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी, सांगतील, कदाचित मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याने काही आठवडे ते काही महिने बरं वाटतं. शुगर असेल तर काही दिवस ती वाढते, हे आधी बोलून घ्या.

एका गोष्टीत मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. मुंग्या आणि दुखणं अचानक कमी झालं, पण बोटांची टोकं कायम बधिर राहिली, ब्लाउजचं हुक लागेना, कप हातून सुटू लागला, किंवा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा डाव्या हातापेक्षा सपाट दिसू लागला, तर ते बरं होणं नव्हे. नस ओरडून दमली आहे. 'मालिशने दुखणं गेलं' म्हणून वर्षभर निवांत राहिलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या तेव्हा तो उंचवटा खड्डा झाला होता. ऑपरेशननंतर मुंग्या गेल्या, पण अंगठ्याची ताकद पूर्ण आली नाही. ऑपरेशनला घाबरू नका; बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून तो वरचा पट्टा कापून मोकळा करतात, त्याच दिवशी घरी. पकड परत यायला मात्र काही आठवडे ते काही महिने जातात. आणि तेव्हा मनगटावर मालिश करायची वेळ खरोखर येते: जखम पूर्ण भरल्यावर, व्रणावर, तो आतून चिकटू नये म्हणून.

डाव्या हाताचं राहिलं. हा त्रास दोन्ही हातांना असणं नेहमीचं आहे, एक पुढे असतो, दुसरा मागून येतो. पट्टी आधी उजव्यालाच बांधा. दोन्ही हात बांधून झोपलात तर रात्री दाराची कडीसुद्धा काढता येणार नाही. टेंडनचा व्यायाम दोन्ही हातांनी करा. तीन आठवड्यांनी उजवा शांत झाला आणि डावा जागवत असेल तर त्याच्यासाठी वेगळी, डाव्या हाताची पट्टी घ्या. उजवीच उलटी करून घालू नका, अंगठ्याची जागा चुकते.